‘स्कॉलर’ला खेळायला घ्याल का?

दोस्तांनो, तुमच्या वर्गातला ‘स्कॉलर’ कोण, असं कुणी विचारलं तर तुम्ही सगळे एकदम एकाच बाकाकडे बोट दाखवाल. होय की नाही? प्रत्येक वर्गात असा एखादा मुलगा किंवा अशी एखादी मुलगी असतेच. बाईंनी प्रश्न पुरता विचारायच्या आत उत्तर तयार! गणिताचं पुस्तक जूनमध्ये हातात पडतं आणि दिवाळीच्या सुट्टीआधी याचं शेवटचं प्रकरणसुद्धा सोडवून झालेलं असतं. इतिहासाच्या तासाला हा असं काहीतरी विचारतो, की सर म्हणतात, “ते आपल्याला परीक्षेला नाही. खाली बस.”

अशा मुलाला आपण नावं तरी किती ठेवतो! पुस्तकी किडा, ढापण्या, प्रोफेसर, अतिशहाणा. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र त्याच्याच वहीसाठी रांग लागते. परीक्षा संपली, मैदानावर दोन टीम पाडायची वेळ आली, की शेवटपर्यंत कोण उरतो? तोच. मग कुणीतरी दया येऊन म्हणतं, “घ्या रे त्याला लिंबूटिंबू!”

तुम्ही म्हणाल, “त्याचं काय एवढं? त्याला पहिला नंबर मिळतो, बक्षिसं मिळतात, सगळ्यांसमोर कौतुक होतं. आणखी काय हवं त्याला?”

हवं असतं, दोस्तांनो. तुम्हाला हवं असतं तेच. मधल्या सुट्टीत डबा खायला शेजारी कुणीतरी. आणि ते मिळावं म्हणून काही हुशार मुलं काय करतात, ठाऊक आहे? येत असलेलं उत्तर मुद्दाम चुकवतात! हात वर करायचं बंद करतात. माहीत असलेला शब्द माहीत नसल्यासारखं दाखवतात. मुलींच्या बाबतीत तर हे फार सहज लपून जातं. शांत बसलेल्या मुलीला सगळे ‘शहाणी मुलगी’ म्हणतात आणि तिनं काय लपवलंय ते कुणाला कळतही नाही. मित्र हवेत तर हुशारी लपवा आणि हुशारी जपायची तर एकटे राहा, असा हा पेच आहे. तो पडतो कसा आणि सोडवायचा कसा, ते आज पाहूया. आई-बाबांनो, तुम्हीही वाचा बरं का! पुढं तुमच्यासाठीही चार गोष्टी आहेत.

एकाच मुलाची तीन वयं

तुमचं वय किती, असं विचारलं तर तुम्ही एकच आकडा सांगाल. पण माणसाला एकापेक्षा जास्त वयं असू शकतात, हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी काही लोकांच्या लक्षात आलं.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञानं आपला सहकारी थिओडोर सिमोन याच्याबरोबर मुलांसाठी एक चाचणी तयार केली. गंमत अशी, की ही चाचणी हुशार मुलं शोधण्यासाठी नव्हतीच. शाळेत मागं पडणाऱ्या कोणत्या मुलांना जादा मदत लागेल, हे ओळखण्यासाठी ती होती. त्यातून पुढं ‘बौद्धिक वय’ ही कल्पना आली. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञानं सुचवलं, की बौद्धिक वयाला खऱ्या वयानं भागावं. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या लुईस टर्मन यानं त्या भागाकाराला १०० नं गुणलं आणि आपल्या चाचणीत वापरलं. झाला बुद्ध्यंक तयार! समजा, एक मुलगी ८ वर्षांची आहे आणि तिनं १२ वर्षांच्या मुलांना जमतील एवढे प्रश्न सोडवले. १२ भागिले ८, गुणिले १००. उत्तर आलं १५०.

आता असा भागाकार करत नाहीत. तुमच्याच वयाच्या मुलांची सरासरी १०० धरतात आणि तुम्ही त्याच्या किती वर किंवा खाली आहात ते पाहतात. या मोजणीनं १३० च्या वर १०० मुलांतली साधारण दोन मुलं येतात. १४५ च्या वर तर १००० मुलांत एखादंच. म्हणजे बघा, हजार मुलांच्या शाळेत त्या एका मुलाला आपल्यासारखं दुसरं कुणी भेटेलच, याची काय खात्री?

पण खरी अडचण पुढंच आहे. डोकं पुढं धावतं, बाकीचं सगळं मात्र आपल्या वेळेनंच वाढतं. ८ वर्षांचा मुलगा १३ वर्षांच्या मुलासारखी गणितं करतो. पण त्याचं अक्षर ८ वर्षांच्या मुलासारखंच वेडंवाकडं असतं, कारण बोटं आठच वर्षांची आहेत. आणि पेन्सिल हरवली की तो रडतो, कारण मनही आठच वर्षांचं आहे. मोठी माणसं म्हणतात, “एवढा हुशार आणि रडतोस काय?” अहो, डोकं तेरा वर्षांचं असलं तरी रडणारा मुलगा आठच वर्षांचा आहे! त्यानं रडू नये तर कुणी रडावं?

न्यूयॉर्कच्या बाई आणि बारा मुलं

अशा मुलांकडे अगदी जवळून पाहिलं ते लेटा हॉलिंगवर्थ या बाईंनी. त्यांचा जन्म १८८६ चा, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातला. पुढं त्या न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये शिकवू लागल्या. १९१६ साली त्यांच्यासमोर एक आठ वर्षांचा मुलगा आला. चाचणीत त्याचा बुद्ध्यंक निघाला १८० च्याही वर! बाई चकित झाल्या. मग त्यांनी अशा मुलांचा शोधच सुरू केला. न्यूयॉर्क म्हणजे केवढं प्रचंड शहर! तरी पुढच्या तेवीस वर्षांत १८० च्या वरची अशी मुलं त्यांना मिळाली फक्त बारा.

या मुलांच्या खेळाबद्दल बाईंनी जे टिपून ठेवलं, ते वाचण्यासारखं आहे. पाच-सहा वर्षांचं असं मूल बाकीच्या मुलांत खेळायला जातं. त्याला खेळायची हौस असतेच. पण त्याला खेळात नियम हवे असतात, डाव हवा, गोष्ट हवी. आपल्या भाषेत सांगायचं तर बाकीची पोरं साधा लपंडाव खेळत असतात आणि हा म्हणतो, “थांबा! आधी नकाशा काढू. तुम्ही किल्ल्यातले, आम्ही बाहेरचे. निरोप्या कोण होणार?” पोरं दोन मिनिटं ऐकतात आणि कंटाळून निघून जातात. यात पोरांची चूक आहे का? नाही. त्याची आहे का? तीही नाही. पण शेवटी अंगणात एकटा उरतो तो तोच.

एकटा उरलेला मुलगा मग काय करतो? बाईंच्या बारा मुलांतल्या एकानं स्वतःसाठी एक अख्खा देशच कल्पनेत उभा केला होता. त्या देशाचे नकाशे काढले, त्याची भाषासुद्धा तयार केली. याच मुलानं खेळाच्या मैदानासाठी वर्तमानपत्रही काढलं. लेखक तोच, संपादक तोच, टाइप करणाराही तोच. पण वाचक होती मैदानावरची मुलं! त्याच्या डोक्यातलं काहीतरी त्यांच्यापर्यंत पोचायला वाट मिळाली ना!

बाईंच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. १२५ ते १५५ च्या आसपास बुद्ध्यंक असलेली मुलं छान मजेत असतात. वर्गाच्या थोडी पुढं असतात, त्यामुळं बाकीच्यांना त्यांचं म्हणणं समजतं आणि ती पुढारीही होतात. फार पुढं गेलेल्या मुलाचं बोलणं मात्र इतरांना कळेनासं होतं. आणि सगळ्यांत कठीण काळ कोणता? साधारण चार ते नऊ वर्षांचा. तेव्हा डोकं मोठं असतं, पण आपल्यासारखे मित्र शोधायला एकटं घराबाहेर पडता येत नाही.

१९३६ मध्ये बाईंनी न्यूयॉर्कच्या स्पेयर स्कूलमध्ये अशा मुलांसाठी वर्ग सुरू केले. तिथं ‘लवकर शिका आणि लवकर पुढं जा’ असं नव्हतं. अन्न, कपडे, घरं, वाहनं या रोजच्या गोष्टी माणसानं कशा शोधल्या, कशा बदलल्या, ते मुलांनी स्वतः खोदून काढायचं. इतरांना आपल्याइतकं चटकन कळलं नाही तर चिडायचं नाही, हसतमुखानं सांभाळून घ्यायचं, हा या मुलांचा सगळ्यांत अवघड धडा आहे, असं बाईंचं मत होतं. १९३९ मध्ये त्या गेल्या. त्यांचं या बारा मुलांवरचं पुस्तक त्यांच्या पतीनं पूर्ण करून १९४२ मध्ये प्रसिद्ध केलं.

मैत्रीची शिडी

पुढं ऑस्ट्रेलियात मिराका ग्रॉस या बाईंनी या विषयाला वाहून घेतलं. मुलांना मैत्री म्हणजे काय वाटतं, याचा त्यांनी अभ्यास केला आणि मैत्रीच्या पाच पायऱ्या दाखवल्या. तुम्हीही मनातल्या मनात आपली पायरी शोधा बघू!

पहिली पायरी, मित्र म्हणजे ज्याच्याबरोबर खेळता येतं तो. त्याच्याकडे बॅट आहे ना? झालं, मित्र! दुसरी, ज्याच्याशी गप्पा मारता येतात तो. तिसरी, अडचणीत मदत करतो, धीर देतो तो. पण इथं ती मदत एकाच बाजूनं असते, परतफेड करायची असं अजून वाटत नाही. चौथी, मी त्याला समजून घेतो आणि तो मला. सुखदुःख दोघं मिळून वाटून घेतो. पाचवी आणि शेवटची, ज्याच्यापाशी काहीही झालं तरी आपल्याला हक्काचा आसरा आहे असा माणूस.

आपण सगळेच वाढत्या वयाबरोबर ही शिडी चढतो. पण अतिशय हुशार मुलं ती लवकर चढतात. म्हणजे पहिलीतली मुलं ‘बॅट कुणाकडे आहे’ या पायरीवर असतात, तेव्हा त्यांच्यातला एखादा चौथ्या-पाचव्या पायरीवर जाऊन बसलेला असतो. त्याला वाटतं, आपण याला मनातलं गुपित सांगितलं, म्हणजे हा जन्माचा मित्र. दुसऱ्या दिवशी तोच मित्र नवा चेंडू आणलेल्या मुलाबरोबर निघून जातो. त्याच्या दृष्टीनं काहीच बिघडलेलं नसतं. इकडे याला मात्र वाटतं, आपल्याला फसवलं! दोघांपैकी कुणीच वाईट नाही. फक्त एक जण खालच्या पायरीवर उभा आहे आणि दुसरा वरच्या.

म्हणूनच अशी मुलं पुष्कळदा आपल्यापेक्षा मोठ्या मुलांशी, नाहीतर आजोबांशी गप्पा मारताना दिसतात. ते ‘शिष्ट’ असतात म्हणून नव्हे, तर त्यांच्या पायरीवर दुसरं कुणी सापडत नाही म्हणून.

दोन मुलं, एकच विद्यापीठ

मग अशा मुलाला सरळ मोठ्यांच्या वर्गात नेऊन बसवलं तर? काम फत्ते! तसं नाही, दोस्तांनो. ही खरी घडलेली हकिकत ऐका.

१९०९ साल. अमेरिकेतलं नामवंत हार्वर्ड विद्यापीठ. तिथं अकरा वर्षांचा विल्यम सिडिस दाखल झाला. वडील मानसशास्त्रज्ञ, आई डॉक्टर. १९१० च्या जानेवारीत या पोरानं गणित मंडळात प्राध्यापकांसमोर चार मितींच्या आकृत्यांवर व्याख्यान दिलं! वर्तमानपत्रांना तर पर्वणीच. सगळीकडे त्याचं नाव गाजू लागलं. पण वर्गातले सोबती सहा-सात वर्षांनी मोठे. त्यांच्याशी कसं वागायचं ते त्याला कळेना, त्यांनाही त्याच्याशी कसं वागायचं ते कळेना. सोळाव्या वर्षी, १९१४ मध्ये, तो पदवीधर झाला. ह्यूस्टनमध्ये काही काळ शिकवायलाही गेला, पण तिथं विद्यार्थीच त्याच्याहून मोठे! ते जमलं नाही. पुढं त्याला एकच गोष्ट हवी झाली. आपल्याकडे कुणी बघू नये. तो साधी कारकुनी करू लागला. ट्रामगाड्या बदलताना मिळणारी तिकिटं गोळा करायचा त्याला छंद होता, त्यावर त्यानं १९२६ मध्ये टोपणनावानं पुस्तकही लिहिलं. १९३७ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकानं त्याला शोधून काढलं आणि त्याच्या एकाकी राहणीवर लेख छापला. तो कोर्टात गेला, पण १९४० मध्ये हरला. १९४४ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, तो मरण पावला. त्याच्या बुद्ध्यंकाचे अवाढव्य आकडे अजून सांगितले जातात. त्यांना भरवशाचा पुरावा नाही.

त्याच १९०९ साली हार्वर्डमध्ये आणखी एक मुलगा आला. नॉर्बर्ट वीनर, वय वर्षं चौदा. आणि हा तर पदवी घेऊनच आला होता! अकराव्या वर्षी हायस्कूल संपवून टफ्ट्‌स कॉलेजात गेलेला. अठराव्या वर्षी त्यानं हार्वर्डची पीएच.डी. मिळवली. पुढं तो मोठा गणितज्ञ झाला, ‘सायबरनेटिक्स’ हे शास्त्र त्यानंच उभं केलं. त्याचंही बालपण सुखाचंच होतं असं नाही. वडील उत्तर चुकलं की फार रागवायचे, हे त्यानं १९५३ च्या आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पण त्याच पुस्तकात एअर नावाच्या छोट्या गावातल्या हायस्कुलाची आठवण त्यानं मायेनं सांगितलीय. वर्गातली मुलं वयानं खूप मोठी होती, पण त्या गावानं त्याला आपलं मानलं. सिडिसबद्दलही त्यानं लिहिलं. वर्तमानपत्रांनी त्या माणसाला निवांत राहू द्यायला हवं होतं, असंच त्याला वाटत होतं.

एका माणसाचं आयुष्य असं का आणि दुसऱ्याचं तसं का, याचं एकच कारण सांगता येत नाही. पण ज्याच्याकडे सगळे ‘चमत्कार’ म्हणून बघतात, त्याच्याशी मैत्री कोण करणार? सर्कशीतल्या हत्तीला टाळ्या मिळतात, दोस्त नाही मिळत.

अ‍ॅडलेडचा टेरी

आता एक आनंदाची गोष्ट. १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरात टेरेन्स टाओ जन्मला. दोन वर्षांचा असताना तो मोठ्या मुलांना अंक शिकवताना दिसला. कुठून शिकला? तर टीव्हीवरच्या ‘सेसमी स्ट्रीट’मधून! साडेतीन वर्षांचा असताना आई-वडिलांनी त्याला शाळेत घातलं. पण काही आठवड्यांतच त्यांच्या लक्षात आलं, की डोकं तयार आहे, मूल अजून शाळेसाठी तयार नाही. त्यांनी काय करावं? सरळ त्याला घरी परत आणलं! पाच वर्षांचा झाल्यावर पुन्हा शाळा. आणि या वेळी शाळेनं त्याच्यासाठी वेळापत्रकच वेगळं केलं. गणिताला मोठ्यांच्या वर्गात, बाकीच्या विषयांना लहानांच्या वर्गात. म्हणजे डोक्याला डोक्याचे सोबती आणि मनाला मनाचे!

दहाव्या वर्षी, १९८६ मध्ये, तो आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडला गेला आणि कांस्यपदक घेऊन आला. १९८७ मध्ये रौप्य, १९८८ मध्ये सुवर्ण. त्याला बाराव्या वर्षीच पूर्णवेळ विद्यापीठात पाठवता आलं असतं. पण विक्रम करायची घाई कुणाला होती? तो चौदाव्या वर्षी गेला. २००६ मध्ये त्याला गणितातलं अतिशय मानाचं फील्ड्‌स पदक मिळालं. आणि प्रिन्स्टनला असताना कॉम्प्युटर गेममध्ये इतका रमला, की तिथल्या मोठ्या तोंडी परीक्षेत नापास होता होता वाचला, हे तो स्वतःच सांगतो!

ग्रॉसबाईंनी १६० च्या वर बुद्ध्यंक असलेल्या साठ ऑस्ट्रेलियन मुलांचा वीस वर्षं मागोवा घेतला. ज्यांना विचारपूर्वक पुढच्या वर्गांत जाऊ दिलं, त्यांना पुढं मित्रही चांगले मिळाले. ज्यांना सतत फक्त समवयस्कांतच ठेवलं, त्यांतल्या बऱ्याच जणांना मोठेपणीही मैत्री जड गेली. म्हणजे ‘वरच्या वर्गात बसवलं की मूल बिघडतं’ हेही खरं नाही आणि ‘हुशार आहे ना, ढकला पुढं’ हेही नाही. त्या मुलाकडे नीट पाहून ठरवायला हवं.

हुशारी घर बघून येत नाही

आता दुसरी बाजू. लुईस टर्मननं १९२१ पासून कॅलिफोर्नियातली जवळजवळ दीड हजार हुशार मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांची माहिती ठेवली. ‘हुशार मुलं किरकोळ, रोगट आणि माणूसघाणी असतात’ ही समजूत त्यानं खोटी ठरवली. त्यांतली बहुतेक मुलं धडधाकट होती, मित्रांतही रमणारी होती. पण मुलं निवडली कशी? आधी शिक्षकांनी नावं सुचवायची, मग चाचणी. त्यामुळं चांगल्या घरची गोरी मुलं भरपूर आली. गरिबांची, काळी, मेक्सिकन मुलं अगदी थोडी. आणि गंमत म्हणजे, निवडीत मागं राहिलेल्या दोन मुलांना पुढं नोबेल पारितोषिक मिळालं, विल्यम शॉकलेला १९५६ मध्ये आणि लुई अल्वारेझला १९६८ मध्ये!

आपल्याकडे तरी काय वेगळं झालं? कुंभकोणमचा श्रीनिवास रामानुजन. गणितात बुडालेला, पण बाकीच्या विषयांत नापास झाला म्हणून त्याची कॉलेजची शिष्यवृत्ती गेली. पुढं मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी. १९१३ मध्ये त्यानं केंब्रिजच्या हार्डींना पत्र पाठवलं म्हणून जगाला तो कळला.

इस्त्रीचा गणवेश, इंग्रजी बोलणं, घरात पुस्तकांचं कपाट, यालाच आपण पटकन हुशारी समजतो. सकाळी गुरं सोडून शाळेत येणारा, बिनइस्त्रीच्या शर्टातला मुलगा तोंडी हिशेब फाडफाड करतो, त्याला मात्र कुणी ‘स्कॉलर’ म्हणत नाही. त्याचं एकटेपण तर दुहेरी. वर्गात तो गरीब म्हणून वेगळा आणि वस्तीवर हुशार म्हणून वेगळा.

अशा मुलांसाठी प्रयत्न झाले आहेत. पुण्यात डॉ. वि. वि. ऊर्फ अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ मध्ये बुद्धिमान मुलांसाठी तिची प्रशाला सुरू झाली. १९८५-८६ मध्ये पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. नवोदयात सहावीला परीक्षा घेऊन प्रवेश देतात, राहणं-खाणं-शिकणं मोफत आणि किमान ७५ टक्के जागा खेड्यांतल्या मुलांना.

मुक्ताईची हाक

आणि हो, आपल्या मातीतली एक गोष्ट विसरून कसं चालेल? ज्ञानेश्वरी १२९० सालची. परंपरेप्रमाणे तेव्हा ज्ञानदेव पंधरा-सोळा वर्षांचे. या चार भावंडांना समाजानं वाळीत टाकलं होतं. परंपरा सांगते, की एकदा लोकांचं बोलणं जिव्हारी लागून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. एवढा ज्ञानी मुलगा, पण दार बंद! तेव्हा धाकट्या मुक्ताईनं बाहेर उभं राहून त्यांना समजावलं, दार उघडायला सांगितलं. तेच ‘ताटीचे अभंग’.

विचार करा. हाक मारणारी बहीण वयानं लहान होती. पण रुसून आत बसलेल्याला दार उघडायला बाहेरून एक हाक लागतेच. तुमच्या वर्गातही कुणी ताटी लावून बसलंय का?

मग करायचं काय?

आधी वर्गमित्रांनो, तुम्ही. तुमचा राग मी समजू शकतो. घरी रोज ऐकावं लागतं ना, “बघ, त्याला ९८ आणि तुला ६२!” पण ते तुमचे आई-बाबा बोलले, तो नाही बोलला. राग त्याच्यावर का काढता? त्याला काहीतरी तुमच्याकडून शिकायचं असतं, म्हणून तर तो मैदानाच्या कडेला रेंगाळतो. सायकल, पोहणं, गोफण, पतंगाची काटाकाटी, जे तुम्हाला येतं ते त्याला दाखवा. तिथं तुम्ही सर आणि तो विद्यार्थी!

आता स्कॉलर, तू. उत्तर चुकवू नकोस. पण प्रत्येक उत्तर तूच द्यायला पाहिजे असंही नाही. मित्रानं चूक केली की लगेच सगळ्यांसमोर दुरुस्त करू नकोस. गणिताला एक मित्र, क्रिकेटला दुसरा, मनातलं बोलायला तिसरा, असं चालतं. सगळं एकाच मित्रात मिळायला हवं, हा हट्ट सोड. आणि तुझ्यासारखं कुणी शाळेत नसेल तर वाचनालयात, बुद्धिबळाच्या वर्गात, विज्ञान मंडळात शोध. कुठंतरी तोही तुलाच शोधतोय!

गुरुजी आणि बाई, एक विनंती. तुम्ही बाहेर जाताना त्यालाच फळ्यापाशी उभं करून बोलणाऱ्यांची नावं लिहायला लावता ना? पाच मिनिटांत त्याला चाळीस शत्रू मिळतात! ते काम वाटून द्या. त्याचं लवकर झालं तर त्याला तीच दहा गणितं आणखी देऊ नका, एकच अवघड द्या.

आणि आई-बाबा, घरी आल्यावर “किती मार्क?” या प्रश्नाआधी एक प्रश्न विचारा, “आज डबा कुणाबरोबर खाल्लास?” चार दिवस उत्तर ‘एकट्यानं’ असं आलं, तर प्रगतिपुस्तकात कितीही चांगला शेरा असो, शाळेत जाऊन बोला. पाहुण्यांसमोर पोराला पाढे म्हणायला लावू नका. आणि दुसऱ्याच्या मुलाचे मार्क आपल्या मुलासमोर उगाळू नका. तुमच्या एका वाक्यानं दोन मुलं दुखावली जातात. एक तुमच्या घरातलं आणि एक शेजारचं.

तर दोस्तांनो, उद्या मधल्या सुट्टीत टीम पाडताना कडेला कोण उभं आहे, तेवढं बघा. त्याला आत घ्या. पण लिंबूटिंबू म्हणून नाही बरं का! पूर्ण गडी म्हणून घ्या. झेल सोडला तर ओरडा, आऊट झाला तर खुशाल आऊट द्या. आणि त्यानं एखादा नवा नियम सुचवलाच, तर एक डाव त्याच्या नियमानं खेळून बघा. कुणी सांगावं, मजा येईल!